मासे मिळोत न मिळोत, गळ टाकून बसायला तुम्हाला का आवडतं?

रिकामी_पिशवी
काल पहाटे साडेपाचला निघालो, दुपारी दोनला परत आलो. पिशवी जशी नेली होती तशीच घडी घालून आणली. दारातच बायकोने विचारलं, "मिळालं काही?"
"नाही."
"मागच्या वेळी?"
"तेव्हाही नाही."
ती चिडलेली नव्हती, म्हणून जास्त पंचाईत झाली. खरोखर कळावं म्हणून तिने विचारलं, "मग जातोस कशाला रे?"

मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. शेवटी "शांत वाटतं" म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "शांतच बसायचं तर गच्चीवर बस की. तिथे गांडुळं लागत नाहीत." निरुत्तर.

वीसेक वर्षं हा उद्योग करतोय आणि कारण सांगता येत नाही म्हणजे काय! म्हणून हा धागा. एकच विनंती: 'ताण हलका होतो', 'निसर्गाच्या सान्निध्यात' ही वाक्यं नकोत, ती मलाही येतात. तुमचं स्वतःचं जे असेल ते सांगा, कितीही फालतू वाटलं तरी.

माझ्यापुरतं बोलायचं तर मला वाटतं, तो फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीला बांधलेला तरंगणारा तुकडा. शिशाच्या गोळ्या एकेक कमी-जास्त करत मी तो असा बसवतो की लाल टोक नखाएवढंच पाण्यावर राहील. मग तो बोलायला लागतो. वाऱ्याने हलतो तो सगळा एका लयीत हलतो. माशांची बारकी पोरं आमिष कुरतडत असली की थरथरतो, पण जागा सोडत नाही. आणि मोठा आला की घाई नसते, आधी जरासा बाजूला सरकतो, मग तिरका आत जातो. कधीकधी उलटंच होतं. मासा तळावरचं आमिष उचलतो, शिशाचं वजन दोरीवरून निघतं आणि फ्लोट वर येऊन पाण्यावर आडवा होतो. बुडण्याची वाट बघत बसलेल्याला ते कळतच नाही. मला कळायला चार वर्षं लागली होती.

आता हे बायकोला कसं सांगू?

घोरपड
पहिली! माझं कारण एका ओळीत: हाताला आमिषाचा चिकटा असतो, त्यामुळे फोनला हात लावता येत नाही. बस्स.

तवा
मी खायला पकडतो. काल दोन मिळाले, खाल्ले. यात एवढं खोल काय आहे कळलं नाही. (हलके घ्या.)

सावली
मला माझं कारण नक्की माहीत आहे, पण ते जरा लांबलचक आहे.

बाबा मला सहाव्या-सातव्या वर्षापासून सोबत न्यायचे. नियम एकच, बोलायचं नाही. "आवाज झाला की मासे पळतात." मी तोंडावर हात ठेवून बसायचे, शिंक आली तर नाक दाबायचे. घरी बाबा म्हणजे सतत कोणाला ना कोणाला उत्तर देणारा माणूस. कामाचे फोन, आजीची औषधं, काकांची भांडणं. काठावर तीन-तीन तास एक शब्द नाही. मधूनच डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवायचे, म्हणजे आमिष लाव. मला त्यांचा सगळ्यात स्पष्ट आठवणारा चेहरा म्हणजे बाजूने दिसणारा, पाण्याकडे बघणारा. त्यांना मिळालेला एकही मासा मात्र आठवत नाही.

ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कुठेतरी वाचलं की हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला जेमतेम एक भाग आत जातो. माशांना त्रास होतो तो काठावर पाय आपटल्याचा, कारण तो हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो. आपल्या गप्पांचा फारसा होत नाही.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. म्हणजे ती शांतता माशांसाठी नव्हतीच. हा माणूस सहा वर्षांच्या मुलीला "मला जरा गप्प बसू दे" असं सांगू शकत नव्हता, म्हणून त्याने माशांचं नाव पुढे केलं. आता मी जाते तेव्हा तशीच बसते. माझी मुलगी सोबत असली की तिलाही तेच सांगते. खोटं आहे हे माहीत असून.

घोरपड
सावलीताई, _/\_

शंकेखोर
सावली, छान लिहिलंय. पण राहवत नाही म्हणून. कार्प आणि मांगूरसारख्या माशांमध्ये पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचं ऐकणं इतर अनेक माशांपेक्षा बरंच तिखट असतं. त्याशिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, ती जवळच्या पाण्याची जराशी हालचालही टिपते. तेव्हा तुमचे बाबा कार्पच्या मागे असतील तर अगदीच खोटं बोलत नव्हते.

सावली
राहू द्या हो. मला माझंच उत्तर बरं वाटतंय. :)

शंकेखोर
माघार घेतो.

नकाशा
शांततावाल्यांची गर्दी दिसतेय, म्हणून विरोधी पक्ष मांडतो. मला तिथे शांतता वगैरे काही मिळत नाही. मी पूर्णवेळ चिडलेला असतो आणि त्यातच मजा आहे.

मी वाहत्या पाण्यात जातो. समोर दिसतो तो फक्त पृष्ठभाग, आणि त्यावरून खाली काय चाललंय ते ओळखायचं. दगडामागे पाणी संथ होतं, मासा तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो, कारण खाणं आपणहून वाहत येतं आणि पोहायचे कष्ट वाचतात. हे पुस्तकात सोपं आहे. प्रत्यक्षात दगड पाण्याखाली असतो आणि त्याची खूण पृष्ठभागावर दोन हात पुढे, खालच्या अंगाला उठते. नवखा माणूस त्या खुणेवर गळ टाकतो. मी दोन वर्षं टाकला.

त्यात दिसतं ते खरं नसतं. वरून सरळ खाली बघितलं तर तळ असतो त्याच्या पाऊणपट खोलीवरच वाटतो. आणि मासा खालून काय बघतो, ते तर अजूनच भारी. त्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांची. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा, त्यात तळाचं प्रतिबिंब. म्हणून मी काठावर वाकून, गुडघ्यावर जातो. लोकांना वाटतं याचं काहीतरी हरवलंय.

कोडं आहे हो, कोडं. आणि ते दर तासाला बदलतं. परवा चार तास एकाच माशाच्या मागे होतो. तो मला दिसत होता, मी त्याला दिसत होतो, दोघेही हटायला तयार नाही. हरलो. घरी येऊन दोन दिवस त्याच्यावरच विचार.

पाचवा_तास
धागाकर्ते म्हणतायत खरं सांगा, म्हणून सांगते. माझं व्यसन आहे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर केलेलं काम अनेकांना माहीत असेल. दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी भूक भागेपर्यंत कळ दाबतो. कधी पाचव्या वेळी, कधी पन्नासाव्या, कधी लागोपाठ दोनदा, असं बेभरवशाचं केलं तर तो दाबतच राहतो, आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. माझा गळसुद्धा. "आता शेवटचा एक टाकते" हे वाक्य मी एका संध्याकाळी अकरा वेळा म्हटल्याचं नवऱ्याने मोजलंय.

फरक इतकाच की त्या यंत्रापुढे माणूस मधल्या वेळात काही बघत नाही. इथे मधला वेळच एवढा मोठा असतो की खंड्या दिसतो, चतुर काठीच्या टोकावर येऊन बसतो. पण हे मी नंतर स्वतःला पटवण्यासाठी काढलेलं स्पष्टीकरण आहे की काय, अशी शंका येते.

उलटी_चप्पल
अकरा वेळा! हसून हसून पुरे वाट

कोरडवाहू
सगळे इतक्या प्रेमाने लिहितायत की विरजण घालायला जिवावर येतंय. पण या सगळ्यात एक जण असा आहे ज्याच्या ओठात लोखंड जातंय.

२००३ साली जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी इंद्रधनुषी ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा जाणवणारी चेताग्रं असल्याचं दाखवलं. ओठात जळजळणारं द्रव्य टोचलेले मासे खाणं टाळत होते आणि ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. त्यांना आपल्यासारखं 'दुखतं' का, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, मान्य. पण खड्यावर ओठ घासणारा मासा मला विसरता येत नाही.

तवा यांचं मला समजतं, ते खातात. बाकीच्यांना साधा प्रश्न. शांतता हवी, वडील आठवायचेत, पाणी वाचायचंय, तर गळ न लावता बसा की! काठी न्या, खुर्ची न्या, आमिष नुसतं पाण्यात टाका. मासेही खूश, तुम्हीही खूश. जमेल?

उलटी_चप्पल
कोरडवाहू, हसू नका, मी हे करून बघितलंय.

असाच वाद घरी बहिणीशी झाला होता. म्हटलं बघू. एका रविवारी तंगुसाला (गळाच्या नायलॉनच्या दोरीला) गळ बांधलाच नाही, नुसती शिशाची गोळी आणि फ्लोट. आमिष नाही. बाकी सगळं तेच, तीच जागा, तीच वेळ.

वीस मिनिटं. एवढाच टिकलो. फ्लोटकडे बघत होतो पण तो नुसता रंगवलेला प्लॅस्टिकचा तुकडा होता. वाऱ्याने हलला तरी मला काही वाटेना, कारण दुसरं काही असूच शकत नव्हतं. मग मुंग्या चावायला लागल्या (रोज चावत असणारच), पाठ दुखायला लागली, खिशातून फोन काढला. शेवटी दोरी गुंडाळली आणि उठलो. जाताना एका बारक्या पोराने विचारलं, "काय लावलं होतं?" मी खोटं बोललो.

याने तुमचा मुद्दा खोडला जात नाही, कळतंय मला. माशाचा ओठ माझ्या एकाग्रतेसाठी आहे का? नाही. पण 'नुसतं बसा' हा पर्याय माझ्यापुरता खरा नाही, एवढंच सांगतोय.

कोरडवाहू
प्रामाणिक उत्तर. पटलं नाही, पण आवडलं.

शंकेखोर
अवांतर: जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचा गळ सापडलाय, समुद्री गोगलगायीच्या शिंपल्यातून घासून काढलेला. जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद.

रिकामी_पिशवी
म्हणजे २३ हजार वर्षांपासून कोणीतरी गुहेच्या दारात विचारतंय, "मिळालं काही?"

जुनी_गरी
धागा उशिरा दिसला. माझं वय सत्तरीच्या पलीकडे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

कोरडवाहू यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काही पथ्यं आहेत, ती सांगतो. खायचा नसेल तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा. मासे जास्त सुटतात. सुटू द्यावेत. माशाला धरण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग बुरशी धरते. पाण्याबाहेर किती वेळ ठेवायचा? आपण स्वतः श्वास रोखून धरायचा. आपला जीव कासावीस व्हायच्या आत तो पाण्यात गेला पाहिजे. फोटोसाठी लटकवून उभे राहणारे पाहिले की माझं डोकं सणकतं.

कडक उन्हाळ्यात मी जातच नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोठणबिंदूच्या आसपासच्या एका लीटर गोड्या पाण्यात साडेचौदा मिलीग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे निम्मा. तशा पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडला तरी पुढे जगेलच असं नाही. आणि शिसं सोडा मंडळी. तुटून तळाशी राहिलेल्या गोळ्या पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. राजहंस मरायला लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशा लहान शिशांवर बंदी आली. मी कथलाची वापरतो.

आता माझं कारण. माझे हात थरथरतात. चार वर्षं झाली. घरात मला चहाचा कप अर्धाच भरून देतात, आणि ते माझ्या लक्षात आलेलं नाही असं सगळ्यांना वाटतं. काठावर मात्र गळ मलाच बांधायचा असतो. चष्मा नाकावर खाली ओढतो, गळ टोपीच्या कडेत अडकवतो म्हणजे तो हलत नाही, आणि तंगुसाचं टोक त्याच्या डोळ्यात घालायला बसतो. कधी तिसऱ्या फेरीला जातं, कधी विसाव्या. मग टोकाचे मुख्य दोरीभोवती पाच वेढे, टोक परत खालच्या फटीत, मग मोठ्या फटीत. ओढण्याआधी गाठ ओठांनी ओली करायची. कोरडी ओढली तर घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. सावकाश आवळायची. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत.

बसले, की माझं त्या दिवसाचं काम झालं. पुढचं माशाने बघावं.

सावली
काका, टोपीत गळ अडकवायची युक्ती आजच वापरणार.

दुसरी_इनिंग
मी नवीनच आहे यात, अडीच वर्षं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, नंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम दिले होते. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, दिवसातून तीनदा. भिंतीचा रंग पाठ झाला. मैत्रीण फ्लाय फिशिंग (किड्यासारखं दिसणारं हलकं नकली आमिष दोरीने लांब फेकून मासे धरणं) करते, ती म्हणाली चल. अमेरिकेत १९९६ पासून यासाठी 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाचा उपक्रमच चालतो, म्हणजे कल्पना काही जगावेगळी नव्हती. काठी मागे नेऊन थांबायचं, दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे. त्या हालचालीने हात आणि खांदा सैल व्हायला मदत होते. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, तुम्हीही विचारा.

पण हात सुधारला हे माझं कारण नाही. तेव्हा घरात, कामावर, जिन्यात, सगळीकडे एकच प्रश्न होता: "कशी आहेस?" मान जराशी कलती करून. पहिल्यांदा काठावर गेले, शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते. माझ्या डोक्यावर रुमाल, केस नाहीत, सगळं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या दोरीकडे बघितलं आणि विचारलं, "काय लावलंय?"

इतकं बरं वाटलं की उत्तर द्यायला जमेना.

त्या दिवशी एक मिळाला, तळहाताएवढा. सोडला. हात ओले केले नव्हते जुनी_गरी काका, तेव्हा माहीत नव्हतं.

जुनी_गरी
माफ केलं.

नकाशा
मी वर 'शांततावाले' म्हणून टिंगल केली होती. जुनी_गरी आणि दुसरी_इनिंग यांचं वाचल्यावर जरा लाजल्यासारखं झालं. पण माझं मत तेच आहे.

रात्रपाळी
मला मासेमारी आवडत नाही. तरी दर पंधरा दिवसांनी जातो, कारण मुलगा येतो. तो सोळा वर्षांचा आहे. घरी समोरासमोर बसवून विचारलं की "काही नाही" याच्या पुढे जात नाही. काठावर शेजारी बसतो, दोघंही पाण्याकडे बघत असतो, तिथे बोलतो. डोळ्यात बघावं लागत नाही म्हणून असेल.

मागच्या महिन्यात असंच पाण्याकडे बघत म्हणाला, "बाबा, दोन विषय गेलेत. तीन आठवड्यांपासून सांगायचं होतं." नेमका त्याच क्षणी माझा फ्लोट सरकला आणि आत गेला. चांगला, पूर्ण आत. काठी माझ्या हाताशी होती. उचलली असती तर वाक्य तिथेच तुटलं असतं. मी हात हलवला नाही. त्यालाही फ्लोट दिसत होता. तो बोलत राहिला.

पंधरा मिनिटांनी दोरी ओढली. आमिष साफ.

घोरपड
मी वर एका ओळीत फोनचं लिहून मोकळी झाले होते. आता ते फारच थिल्लर वाटतंय.

तवा
मी अजूनही खायलाच पकडतो. पण रात्रपाळी, तो मासा मीही सोडला असता.

रिकामी_पिशवी
सगळ्यांचे आभार. एवढं काही येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोला धागा वाचायला दिला. म्हटलं, हे घे तुझं उत्तर, मला सांगता येत नव्हतं ते यांनी सांगितलंय.

तिने सगळा वाचला, सावलीताईंचा प्रतिसाद दोनदा. मग चष्मा काढून म्हणाली, "एवढी माणसं, एवढं लिहिलंय. मासे किती ते मोजलेस का?"
नव्हते मोजले.
"साडेतीन."
"अर्धा कुठला?"
"तवावाल्यांचे दोन, तो तळहाताएवढा एक. आणि मुलगा बोलत होता तेव्हाचा. तो मी अर्धा धरलाय."

रविवारी बघायला येते म्हणालीय. पुस्तक घेऊन.

जुनी_गरी
घडीची दुसरी खुर्ची घेऊन ठेवा. टेकायला पाठ असलेली तिला द्या.